ड्रोन उडवणारा कुठे उभा आहे, हे कुणालाही कळावं का? अमेरिकेतला ‘रिमोट आयडी’ नियम आणि पायलटच्या खासगीपणाचा वाद

अमेरिकेतल्या एखाद्या बागेत डोक्यावर ड्रोन घोंघावतोय. तुम्ही खिशातून फोन काढला, एक मोफत अ‍ॅप उघडलं आणि काही सेकंदांत नकाशावर दोन ठिपके दिसले. एक ठिपका आकाशातल्या ड्रोनचा आणि दुसरा तो उडवणाऱ्या माणसाचा. तो पार्किंगच्या कोपऱ्यात उभा आहे की समोरच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात, हेही त्यावरून कळतं. त्यासाठी तुम्ही पोलीस असण्याची गरज नाही. ओळख द्यावी लागत नाही आणि ‘माहिती कशाला हवी’ असंही कुणी विचारत नाही.

ही सोय एका नियमामुळे झाली आहे. त्याचं नाव ‘रिमोट आयडेंटिफिकेशन’, थोडक्यात ‘रिमोट आयडी’. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, याला ड्रोनची ‘डिजिटल नंबर प्लेट’ म्हणते. ड्रोन उडवणाऱ्यांना ही उपमा पटत नाही. गाडीच्या नंबर प्लेटवरून गाडी कुणाची हे पोलीस शोधू शकतात, पण चालक या क्षणी कुठे आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ती प्लेट सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

नियमाची गरज का पडली?

१९ डिसेंबर २०१८ ची रात्र. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याची खबर आली आणि धावपट्टी बंद करण्यात आली. ऐन नाताळच्या गर्दीत सुमारे १,००० उड्डाणं आणि जवळपास १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. पोलिसांनी एका जोडप्याला ताब्यात घेतलं, पण त्यांचा काही संबंध नसल्याचं दिसल्यावर सोडून दिलं. पुढे त्या जोडप्याला भरपाईही द्यावी लागली. ड्रोन कुणाचा होता, हे अखेरपर्यंत कळलं नाही.

यातली अडचण तशी साधी आहे. विमानाचा पायलट विमानातच बसलेला असतो. ड्रोनचा पायलट जमिनीवर, दोन गल्ल्या पलीकडेही असू शकतो. ड्रोन नजरेस पडतो, पण त्याला जाब विचारायचा तर माणूस सापडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणव्यांनी वेढलं होतं. तेव्हा आग विझवायला कॅनडातून आलेल्या ‘सुपर स्कूपर’ विमानाला एक खासगी ड्रोन धडकला. विमानाच्या पंखाला छिद्र पडलं आणि ऐन गरजेच्या वेळी ते दुरुस्तीसाठी खाली उतरवावं लागलं. ड्रोन उडवणाऱ्याने पुढे गुन्हा कबूल केला. तो आगीचं नुकसान बघायला ड्रोन उडवत होता आणि उडवता उडवता ड्रोन त्याच्या नजरेआड गेला होता. अशा घटना पाहिल्या की ‘ड्रोनला ओळख हवी’ या मुद्द्यावर फारसा वाद उरत नाही. ओळख किती द्यायची आणि कुणाला द्यायची, यावर मात्र वाद आहे.

ड्रोन नेमकं काय प्रसारित करतो?

अमेरिकेत २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणी करावी लागते. ज्याची नोंदणी सक्तीची, त्याला रिमोट आयडीही सक्तीचा, असा सर्वसाधारण नियम आहे. बाजारात २४९ ग्रॅमचे इतके ड्रोन का दिसतात, याचं उत्तरही यातच आहे. मात्र ही सूट केवळ हौसेसाठी उडवणाऱ्यांना आहे. त्याच २४९ ग्रॅमच्या ड्रोनने पैसे घेऊन घराचे फोटो काढले, तर नोंदणी आणि रिमोट आयडी दोन्ही लागतात.

नियमाप्रमाणे ड्रोनला उड्डाणापासून बंद होईपर्यंत दर सेकंदाला एक संदेश हवेत सोडावा लागतो. हा संदेश वाय-फाय किंवा ब्लूटूथवरून जातो, म्हणून साध्या फोनलाही तो पकडता येतो. त्यात ड्रोनचा अनुक्रमांक, त्याचे अक्षांश-रेखांश, उंची, वेग, वेळ आणि काही बिघाड असल्यास त्याची सूचना असते. वादाचं मूळ असलेली गोष्टही याच संदेशात आहे: रिमोट कंट्रोल कुठे आहे ती जागा, तिच्या उंचीसकट. कंट्रोल पायलटच्या हातात असतो, त्यामुळे ती जागा म्हणजे पायलटचीच जागा.

कारखान्यातूनच ही सोय घेऊन आलेल्या ड्रोनला ‘स्टँडर्ड रिमोट आयडी’ ड्रोन म्हणतात. जुन्या किंवा घरी जोडलेल्या ड्रोनवर वेगळं छोटं यंत्र, ‘ब्रॉडकास्ट मॉड्यूल’, चिकटवता येतं. ते पायलटची जागा न सांगता ड्रोन जिथून उडाला ती जागा सांगतं. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात नवा, महागडा ड्रोन उडवणारा चालत असताना त्याचा ठिपका त्याच्यासोबत चालतो आणि जुना ड्रोन उडवणाऱ्याचा ठिपका सुरुवातीच्या जागेवरच थांबतो. त्या बदल्यात मॉड्यूलवाल्याला ड्रोन सतत स्वतःच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. तिसरा पर्याय म्हणजे एफएएने मान्यता दिलेली ठरावीक मैदानं. तिथे रिमोट आयडीशिवाय उडवता येतं. पण अशा मैदानासाठी मान्यताप्राप्त हौशी संघटना किंवा शिक्षणसंस्थांनाच अर्ज करता येतो.

पायलटचं नाव, फोन नंबर किंवा पत्ता यातलं काहीही हवेत जात नाही. अनुक्रमांकावरून नाव शोधायचं तर एफएएची नोंदणी यादी लागते आणि ती सर्वसामान्यांसाठी खुली नाही. एफएए याच मुद्द्यावर भर देते, आणि तो चुकीचा नाही. पण माणूस स्वतःच्या अंगणातून ड्रोन उडवत असेल, तर अक्षांश-रेखांश हाच त्याचा पत्ता झाला. त्यापुढे नाव शोधायला सरकारी यादीची गरज उरत नाही.

आधीचा मसुदा आणखी कडक होता

डिसेंबर २०१९ मध्ये एफएएने पहिला मसुदा मांडला. त्यात ड्रोनने हवेत संदेश सोडण्याबरोबरच इंटरनेटवरून खासगी सेवा कंपन्यांना सतत माहिती पाठवावी, असं होतं. हौशी पायलट भडकले. डोंगरात, शेतात, जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे काय करायचं? त्या सेवेचे पैसे कोण भरणार? आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर का साठवायची? मसुद्यावर ५३ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या.

डिसेंबर २०२० मध्ये अंतिम नियम जाहीर झाला तेव्हा इंटरनेटची अट गेली होती. फक्त हवेत संदेश सोडण्याची अट उरली. हौशी मंडळींना हा अर्धा विजय वाटला, पण आता एक नवीनच तक्रारदार पुढे आला: गुगलच्या मूळ कंपनीची ड्रोन-डिलिव्हरी शाखा ‘विंग’. विंगचा मुद्दा असा होता की संदेश उघड्यावर सोडला, तर कुणीही रिसीव्हर लावून ड्रोनच्या फेऱ्या मोजू शकतो. कोणत्या घरी किती वेळा सामान येतं, यावरून त्या घरातल्या माणसांचा दिनक्रम काढता येतो. माहिती इंटरनेटवरून गेली, तर निदान कुणाला काय दिसावं यावर चाळणी लावता येते.

विंगचा यात धंद्याचा हिशोब होताच. तरी मुद्दा विचार करण्यासारखा आहे. इंटरनेट पद्धतीत माहिती मोजक्या कंपन्यांकडे गोळा होते. प्रसारण पद्धतीत ती कुणाकडेच गोळा होत नाही, पण ती कुणीही गोळा करू शकतो. खासगीपणाची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते, फक्त ती वसूल करणारा बदलतो.

नियम २१ एप्रिल २०२१ पासून अस्तित्वात आला. पायलटांसाठी पालनाची मुदत १६ सप्टेंबर २०२३ होती. पण मॉड्यूल बाजारात पुरेसे मिळेनात आणि मैदानांचे अर्जही रखडले होते. म्हणून १६ मार्च २०२४ पर्यंत कारवाईत सवलत देण्यात आली. त्यानंतर नियम मोडणाऱ्याला दंड होऊ शकतो, पायलट परवाना निलंबित किंवा रद्दही होऊ शकतो.

पायलटांना भीती कशाची?

अमेरिकेत ड्रोनवर चिडणारी माणसं कमी नाहीत आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे बंदूक असते. २०१५ मध्ये केंटकी राज्यात एका गृहस्थाने आपल्या घरावर आलेला ड्रोन बंदुकीने पाडला. स्थानिक न्यायाधीशाने त्याच्यावरचे आरोप फेटाळले. जून २०२४ मध्ये फ्लोरिडात एकाने वॉलमार्टच्या डिलिव्हरी ड्रोनवर गोळी झाडली. केंद्रीय कायद्याने ड्रोन हे विमानच असल्यामुळे त्यावर गोळी झाडणं गुन्हा आहे, असं एफएए सांगत असते. पण संतापलेला माणूस आधी कायद्याचं पुस्तक उघडून बसत नाही. आजवर त्याला फक्त ड्रोन दिसत होता, आता ड्रोनमागचा माणूसही दिसेल. पायलटांची भीती ही आहे.

एकट्याने काम करणाऱ्यांना ती जास्त आहे. घरविक्रीसाठी फोटो काढणारे, पुलांची पाहणी करणारे, आंदोलनाचं चित्रीकरण करणारे पत्रकार. त्यांच्या हातात हजारो डॉलरचं सामान असतं आणि नजर स्क्रीनवर असते. मागून कोण येतंय हे बघायला सोबत कुणी असतंच असं नाही.

यावर उतारा म्हणून नियमात ‘सेशन आयडी’ची तरतूद आहे. कायमच्या अनुक्रमांकाऐवजी एका उड्डाणापुरता तात्पुरता क्रमांक प्रसारित करायचा, म्हणजे सोमवारचं आणि शुक्रवारचं उड्डाण एकाच माणसाचं आहे, हे बाहेरच्याला जोडता येणार नाही. कल्पना चांगली आहे, पण तात्पुरत्या क्रमांकाबरोबरही पायलटची जागा जातेच. ज्याला मारहाणीची भीती आहे, त्याला याचा उपयोग शून्य.

न्यायालय काय म्हणालं?

एफपीव्ही म्हणजे डोळ्यांवर गॉगल लावून उडवायच्या शर्यतीच्या ड्रोनचं सामान विकणारी ‘रेसडेक्वाड्स’ ही कंपनी आणि तिचे मालक टायलर ब्रेनन यांनी या नियमाला आव्हान दिलं. वॉरंटशिवाय झडती आणि जप्तीपासून संरक्षण देणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा हा नियम भंग करतो, असा त्यांचा दावा होता. पायलटला सतत स्वतःचा ठावठिकाणा सांगायला लावणं म्हणजे वॉरंटशिवाय पाळत ठेवणंच, असं त्यांचं म्हणणं.

हा युक्तिवाद हवेतला नव्हता. २०१८ मध्ये ‘कार्पेंटर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल टॉवरवरून मिळालेला माणसाच्या हालचालींचा जुना इतिहास मिळवण्यासाठी पोलिसांना साधारणपणे वॉरंट लागेल, असा निकाल दिला होता.

पण २९ जुलै २०२२ रोजी वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किट अपील न्यायालयाने ब्रेनन यांची याचिका फेटाळली. न्यायाधीश कॉर्नेलिया पिलार्ड यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: ड्रोन सार्वजनिक, नियंत्रित हवाई क्षेत्रात उडतो. तो उडवत असताना आपली जागा गुप्त राहील अशी अपेक्षा पायलटला सहसा धरता येत नाही. शिवाय माहिती फक्त उड्डाणापुरतीच प्रसारित होते. फोन माणसासोबत चोवीस तास असतो, तसं ड्रोनचं नाही.

मात्र या निकालाची एक मर्यादा आहे. न्यायालयासमोर प्रश्न संपूर्ण नियमाचा होता. उद्या एखाद्या पोलीस खात्याने हे संदेश महिनोन्‌महिने साठवून एका विशिष्ट माणसाचा माग काढला, तर ते घटनाबाह्य ठरेल का, हे ठरवायची वेळ आली नव्हती. त्या दाव्यासाठी दार उघडं राहिलं आहे.

त्या दाराकडे लक्ष द्यायला आता कारणही आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी हवाई सुरक्षेबाबत काढलेल्या आदेशात, रिमोट आयडीच्या संकेतांशी जोडलेली वैयक्तिक माहिती योग्य त्या केंद्रीय, राज्य आणि स्थानिक यंत्रणांना आपोआप आणि त्या क्षणी मिळावी, असं म्हटलं आहे. म्हणजे ठिपका आणि नाव यांच्यातली भिंत पोलिसांपुरती तरी पातळ होणार.

श्रीमंतांच्या विमानांचं काय?

मोठ्या विमानांनाही आपली जागा प्रसारित करावी लागते. २०२० पासून अमेरिकेतल्या बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत ‘एडीएस-बी’ यंत्रणा सक्तीची आहे. याच माहितीवरून इलॉन मस्क यांच्या जेटचा माग काढणारं ट्विटर खातं गाजलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्यात आलं.

पण खासगी जेटच्या मालकांना तात्पुरता पर्यायी ओळख क्रमांक घेता येतो. शिवाय मे २०२४ च्या कायद्याने आपलं नाव-पत्ता सार्वजनिक नोंदींतून काढून घेण्याची विनंती करायची सोयही त्यांना मिळाली. जेटमालक विमानतळाच्या कुंपणाआड आणि सुरक्षारक्षकांच्या गराड्यात असतो. ड्रोनवाला फुटपाथवर उभा असतो. ज्याला लपण्याची गरज कमी, त्याच्यासाठी पडदे जास्त, ही हौशी पायलटांची तक्रार अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

जागा उघडी पडली की काय होऊ शकतं: युक्रेनचा धडा

रिमोट आयडीच्या आधीपासून चिनी कंपनी डीजेआय आपल्या ड्रोनमधून ‘ड्रोनआयडी’ नावाचा स्वतःचा संकेत सोडत होती. तो वाचायला डीजेआयने २०१७ मध्ये ‘एरोस्कोप’ हे यंत्र पोलीस आणि विमानतळांसाठी आणलं. ड्रोन आणि पायलट, दोघांची जागा ते दाखवत असे.

मग युद्ध सुरू झालं. युक्रेनचे सैनिक आणि स्वयंसेवक दुकानातून घेतलेले डीजेआय ड्रोन टेहळणीसाठी वापरू लागले. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेडोरोव्ह यांनी कंपनीला जाहीर पत्र लिहिलं. रशिया एरोस्कोप वापरत असल्याचा आरोप त्यांनी केला. तिथे पायलटचा ठिपका सापडणं म्हणजे तोफगोळ्याला पत्ता मिळणं. डीजेआयने आपण रशियाला मदत करत असल्याचा इन्कार केला आणि एप्रिलमध्ये दोन्ही देशांतला व्यवसाय थांबवला.

दरम्यान आणखी एक गोष्ट उघड झाली. हा संकेत कूटबद्ध आहे, असं आधी सांगितलं गेलं होतं. तो तसा नाही, हे कंपनीला मान्य करावं लागलं. २०२३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी साध्या रेडिओ उपकरणांनी तो उलगडून दाखवला.

अमेरिकी रिमोट आयडीत तर लपवाछपवीचा प्रश्नच नाही. तो सगळ्यांना वाचता यावा असाच बनवला आहे. त्यात संदेश खरा आहे याची डिजिटल सहीही सक्तीची नाही. म्हणजे नियम पाळणारा पायलट अचूक दिसतो आणि खोडसाळ माणूस थोड्या खटपटीने खोटे ठिपके उभे करू शकतो.

मग पोलिसांना तरी फायदा झाला का?

नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सीत रात्रीच्या आकाशात गूढ ड्रोन दिसत असल्याची ओरड झाली. एडिसन, जर्सी सिटी अशा भारतीय, मराठी वस्तीच्या भागांतही तेव्हा माना वर करून आकाशाकडे बघणं सुरू होतं. एफबीआयकडे ५,००० हून अधिक खबरी आल्या. त्यातल्या फारच थोड्या तपासायच्या लायकीच्या निघाल्या आणि अनेक ‘ड्रोन’ चक्क प्रवासी विमानं किंवा तारे होते. रिमोट आयडी सक्तीचा होऊन काही महिने झाले होते, तरी आकाशात काय आहे याचं झटपट उत्तर यंत्रणांना देता आलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने म्हटलं होतं की, पोलिसांना रिमोट आयडीची पुरेशी माहितीच नाही आणि ती वापरण्याची साधनंही त्यांच्याकडे तयार नाहीत. सामान्य माणसाच्या फोनवर ठिपका दिसतो आणि हवालदाराला तो कसा बघायचा हे माहीत नाही, अशी ती अवस्था होती.

इतर देशांनी काय केलं?

युरोपीय संघात १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक वर्गांच्या ड्रोनना रिमोट आयडी लागतो. तिथेही पायलटची किंवा उड्डाणाची जागा प्रसारित होते. ड्रोनचालकाचा नोंदणी क्रमांकही जातो, पण त्याच्या शेवटी जोडलेली तीन गुप्त अक्षरं हवेत सोडली जात नाहीत. त्यामुळे नुसता ऐकलेला क्रमांक दुसऱ्याला आपल्या ड्रोनमध्ये सहज घालता येत नाही.

जपानने जून २०२२ मध्ये १०० ग्रॅमपासूनच्या ड्रोनना हा नियम लावला. म्हणजे वजनाच्या बाबतीत जपान अमेरिकेहून कडक. पण संदेशात अनुक्रमांक, नोंदणी क्रमांक, ड्रोनची जागा, वेग, उंची, वेळ आणि खरेपणा तपासण्याची माहिती असते. मालकाची किंवा वापरणाऱ्याची माहिती त्यात नसते. ‘पायलट उघडा पडल्याशिवाय सुरक्षा नाही’ असं म्हणणाऱ्यांनी जपानकडे एकदा बघायला हवं.

भारतात कुठवर?

भारतात ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. नोंदणीकृत ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. याच नियमांत केंद्र सरकारला पुढे तीन गोष्टी सक्तीच्या करण्याचा अधिकार दिला आहे: परवानगीशिवाय ड्रोन उडूच नये अशी यंत्रणा, निषिद्ध क्षेत्राची आभासी कुंपणं आणि ड्रोनची जागा, उंची, वेग व ओळख क्रमांक त्या क्षणी कळवणारा ‘ट्रॅकिंग बीकन’. तशी अधिसूचना निघाल्यावर पालनासाठी किमान सहा महिने द्यावे लागतात. या यादीत ड्रोनची जागा आहे, पायलटच्या जागेचा उल्लेख नाही. ही माहिती कुणाला दिसेल, किती दिवस साठवली जाईल, याचा तपशीलही तिथे नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी गावं जागी राहिली होती. चोर टेहळणी करतायत, अशी अफवा होती. ड्रोन कुणाचा हे विचारायचं तर कुणाला, हा तोच गॅटविकचा प्रश्न. पण अशा रात्री काठ्या घेऊन निघालेल्या जमावाच्या फोनवर, सर्व्हेचं काम करणाऱ्या एखाद्या पोराचा ठिपका दिसला असता तर? भारतातला बीकनचा तपशील ठरवताना हा प्रश्न टाळता येणार नाही.

अमेरिकेत ड्रोन घेऊन जायचा असेल तर

मुलांकडे अमेरिकेला जाताना ड्रोन बॅगेत टाकणाऱ्यांनी आधी त्याचं वजन बघावं. २५० ग्रॅम किंवा जास्त असेल, तर परदेशी पर्यटकालाही एफएएच्या ‘ड्रोनझोन’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते आणि रिमोट आयडीचा नियमही लागू होतो. जादा क्षमतेची बॅटरी लावली की २४९ ग्रॅमचा ड्रोन मर्यादेबाहेर जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नोंद करताना ड्रोनचा रिमोट आयडी अनुक्रमांक भरावा लागतो. तो खोक्यावरच्या क्रमांकापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये बघून घ्यावा. आणि ड्रोन सुरू करण्याआधी आपण कुठे उभे आहोत, तेही बघावं. नातेवाइकांच्या घराच्या अंगणातून उडवला, तर प्रसारित होणारा पत्ता त्यांचा असेल.